कान की कोपर? पॅच टेस्ट कुठे लावायची

केसांना कलर करायचा म्हटला की पार्लरमधल्या मुली सवयीने क्लायंटचे केस बाजूला घेतात, कानामागे कलरचा ठिपका लावतात, म्हणजे ॲलर्जी उठते का ते बघायची पॅच टेस्ट करतात, आणि मोकळ्या होतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी एक विचारायला लावते, "ताई, पुढचे दोन दिवस काय काय आहे?" कलरमधल्या पीपीडीची, म्हणजे केसांना गडद रंग देणाऱ्या रसायनाची, ॲलर्जी सहसा लगेच उठत नाही. ती दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी दिसते. म्हणून निदान ४८ तास कुणी घासणार नाही, भिजवणार नाही अशी जागा हवी.

कानामागची जागा तशी चांगलीच. कातडी पातळ असते, टाळू जवळ, आणि डाग पडला तरी केसांखाली झाकतो. पण डोक्याला खोबरेल तेल चोपडून येणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. ते तेल ओघळून कानामागे बसलेलं असतं, त्यावर कलर धरतच नाही. ओल्या कापसाने पुसून, कोरडं करूनच लावा. चष्मा असेल तर दांडी नेमकी तिथेच घासते. स्कूटीवाली असेल तर हेल्मेट. खोट्या कानातल्यांनी आधीच कानाची पाळी चिघळली असेल तर कान सोडूनच द्या, कारण उद्या दिसणारी लाली कलरची की कानातल्याची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

अशा वेळी कोपराची आतली बाजू. मात्र अगदी घडीत नको. तिथे घाम साचतो, हात दुमडला की ठिपका पुसला जातो. घडीच्या दोन बोटं खाली, आणि ज्या हाताने भांडी-धुणं होतं त्याच्या दुसऱ्या हातावर. एकटी राहणारी क्लायंट असेल तर मी कोपरच निवडते. कानामागचं तिला कोण बघून सांगणार? कोपराचा ती स्वतः फोटो काढून पाठवते.

मनगट नको. बांगड्या, घड्याळ, दिवसभर पाणी. मानही नको, तिथे मंगळसूत्र आणि सेंट. ताजं वॅक्सिंग झालेली, ओरखडलेली किंवा स्टेरॉइड क्रीम लावत असलेली जागा तर नकोच. स्टेरॉइडने रिॲक्शन दबते आणि टेस्ट खोटी ठरते.

चेहऱ्याच्या ब्लीचला हाताचा भरवसा धरू नका. पिंपल्ससाठी ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन लावणाऱ्या मुलीचा हात ठणठणीत निघेल आणि गाल सोलपटेल. तिला ब्लीच, वॅक्स दोन्ही नको. बाकीच्यांना कानाखाली, जबड्याच्या कडेला लावून बघा.

कलर बॉक्समधल्या कागदावर जसा सांगितलाय तसाच लावायचा. काही कंपन्या नुसता कलर सांगतात, काही डेव्हलपरसकट, म्हणजे कलरमध्ये मिसळायच्या पेरॉक्साइडसकट. वरून पट्टी चिकटवू नका.

बघताना खरी गंमत आहे. ठिपक्याचा काळा डाग खालची लाली लपवतो, आणि सावळ्या कातडीवर लाली तशीही पटकन दिसत नाही. म्हणून डागाच्या मधे न बघता कडेला बघा. मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, कड उचललेली दिसते. मग बोटाच्या टोकाने हळूच चाचपा: खरखरीत लागतंय, गरम लागतंय, बारीक पाणीदार फोड आहेत? आणि खाज विचाराच. डोळ्यांना काहीच दिसत नसताना "रात्री खाजत होतं" म्हणाली, तरी माझ्याकडे कलर रद्द. लग्न परवावर आलंय, ही सबब चालत नाही.

काळ्या मेंदीने पूर्वी कधी फोड आले असतील तर टेस्टसुद्धा करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. त्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडीच असतं. ओठ-पापण्या सुजल्या किंवा श्वास लागला तर वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल.

रजिस्टरमध्ये तारीख, कलरचा शेड नंबर आणि डावा की उजवा एवढं लिहून ठेवा. शेड किंवा कंपनी बदलली की टेस्ट पुन्हा.