कोडॉन टेबल घोकू नका, मधलं अक्षर बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी पोरं दहावीपर्यंत मराठी मिडियमला असतात आणि मग पीयूसी सायन्स करून बीएस्सी बायोटेक नाहीतर मायक्रोला जातात त्यांच्यासाठी लिहितेय, मी पण त्याच वाटेनं गेलेय. एकदम सगळं इंग्लिशमध्ये येतं, त्यात जेनेटिक कोडचा चॅप्टर आला की सगळी 64 घरांचं टेबल पाठ करायला बसतात. मला ते टेबल वाचायला जमलं एमएस्सीला कोल्हापूरला गेल्यावर, खरंतर पहिल्याच वर्षी जमण्यासारखं आहे.

कोडॉन म्हणजे आरएनएमधल्या यू, सी, ए, जी अक्षरांपैकी तिघांचा गट, प्रोटीनमध्ये कुठलं अमिनो ॲसिड बसवायचं ते तो सांगतो. 3 स्टॉप (प्रोटीन इथं संपलं असं सांगणारे) सोडले तर 61 कोडॉन आणि अमिनो ॲसिड 20. आता कोडॉनमधलं फक्त मधलं अक्षर बघा. मध्ये यू असला की फेनिलॲलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, मेथिओनिन, व्हॅलिन, म्हणजे सगळी पाणी टाळणारी. मध्ये ए असला की लायसिन, हिस्टिडिन, ॲस्पार्टिक, ग्लुटामिक असली, बहुतेक पाण्यात रमणारी. सिकल सेल हा रक्ताचा आजार यावरनंच कळतो बघा, जीएजी चा जीयूजी झाला, मधला ए जाऊन यू आला, ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन बसलं आणि हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटायला लागलं. तिसरं अक्षर बदललं तर मात्र बऱ्याचदा काहीच होत नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. ग्लायसिन, ॲलनिन, प्रोलिन यांच्या कोडॉनची पहिली दोन अक्षरं जी आणि सी चीच, आणि लायसिन, ॲस्परजिनची ए ए. मग ज्याच्या डीएनएत जीसी (जी आणि सी अक्षरांचं प्रमाण) जास्त त्याच्या प्रोटीनमध्ये ॲलनिन जास्त असणार का? तर होय. नोबोरू सुएओका यांनी 1961 मध्येच बॅक्टेरियात हे दाखवलं, त्याच वर्षी निरेनबर्ग आणि मथाई यांनी यूयूयू म्हणजे फेनिलॲलनिन हे शोधलं, म्हणजे टेबल अजून भरायचं होतं!

प्रोजेक्टला हाच विषय घ्या, लॅब लागत नाही. मलेरियाचा प्लास्मोडियम फाल्सिपेरम, जीसी साधारण 19 टक्के, आणि स्ट्रेप्टोमायसिस बॅक्टेरिया, जीसी 72 टक्क्यांच्या आसपास, दोघांचे प्रोटीन सिक्वेन्स एनसीबीआय या अमेरिकन सरकारी साइटवर फुकट मिळतात, डाऊनलोड करून पायथॉनमध्ये अमिनो ॲसिड मोजा. प्लास्मोडियममध्ये ॲस्परजिन आणि लायसिन किती निघतंय बघा. आणि लायसिन-आर्जिनिन शेजारी शेजारी ठेवून नक्की बघा, दोन्ही पॉझिटिव्ह चार्जची, आणि आर्जिनिनचे बरेच कोडॉन सीजी नं सुरू होतात, त्यामुळं जीसी वाढला की लायसिनची जागा बऱ्याच ठिकाणी आर्जिनिन घेतं आणि प्रोटीनचं काम चालू राहतं.