संलयन भट्टीच्या निष्कास वायूतून ट्रिटियम कसे काढावे

मुंबईत ट्रिटियमचा (हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी जड रूपाचा) अभ्यास करणारा विद्यार्थी बहुधा जड पाण्याच्या वाटेने येतो. ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी 1985 साली सुरू झाली; तिच्या जड पाण्यातला ड्यूटेरियम (हायड्रोजनचेच दुसरे जड रूप) न्यूट्रॉन शोषून घेतो आणि ट्रिटियम पाण्यातच तयार होते. ड्यूटेरियम व ट्रिटियमची अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या संलयन भट्टीत मात्र ते वायुरूपात बाहेर पडते, म्हणून येथे पहिला नियम असा पाळावा की, शक्य असेतो त्याचे पाणी होऊ देऊ नये. ट्रिटियमयुक्त पाणी शरीरात सहज मुरते आणि श्वासावाटे गेल्यास तेवढ्याच वायुरूप ट्रिटियमपेक्षा सुमारे 10,000 पट अधिक किरणोत्सर्गाची मात्रा देते.

निष्कासात, म्हणजे भट्टीतून बाहेर येणाऱ्या वायूत, न जळलेले (संलयन न झालेले) ड्यूटेरियम व ट्रिटियमच सर्वाधिक असते. सोबत हेलियम आणि थोडे मिथेन, अमोनिया, पाण्याची वाफ, कार्बनचे ऑक्साइड असतात. हा वायू प्रथम पॅलेडियम-चांदीच्या तापवलेल्या नळ्यांवरून न्यावा. साधारण 300 ते 400 अंश सेल्सियसला हायड्रोजनची समस्थानिके (साधा हायड्रोजन, ड्यूटेरियम, ट्रिटियम) धातूतून आरपार जातात आणि बाकी सारे मागे राहते. शुद्ध पॅलेडियम कमी तापमानाला हायड्रोजन शोषून फुगते व तडकते. चांदीमुळे हा धोका घटतो, तरीही नळी तापल्यावरच हायड्रोजन आत सोडावा आणि तो पूर्ण उपसल्यावरच ती थंड करावी. घाई करणाऱ्यांच्या हातून नळ्या येथेच फुटतात.

मागे राहिलेल्या मिथेनमध्ये आणि वाफेत ट्रिटियम अडकलेले असते. निकेलच्या उत्प्रेरकावर त्यांची अभिक्रिया घडवून हायड्रोजन मोकळा करावा आणि पुन्हा नळ्यांवरून न्यावा. शेवटचा अंश काढण्यासाठी पॅलेडियम-चांदीच्या नळीच्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूने साधा हायड्रोजन उलट दिशेने सोडतात. तो आत शिरून ट्रिटियमची जागा घेतो.

समस्थानिके एकमेकांपासून वेगळी करणे हे काम अतिशीत ऊर्ध्वपातनाचे. साधा हायड्रोजन 20.3, ड्यूटेरियम 23.7 आणि ट्रिटियम सुमारे 25 केल्विनला उकळते. मिश्र रेणू (दोन वेगळ्या समस्थानिकांचे) फोडण्यासाठी स्तंभांदरम्यान उत्प्रेरक ठेवावाच लागतो, अन्यथा ड्यूटेरियम-ट्रिटियमची जोडी सुटत नाही. मिळालेले ट्रिटियम युरेनियमच्या भुकटीत साठवावे. गरम करताच ते परत मिळते. अर्धायुष्य 12.3 वर्षांचे असल्याने साठ्यात हेलियम-3 जमत राहते, तेही हिशेबात धरावे.

खोलीच्या हवेत गळती झाली तर मात्र पाणी करण्यावाचून पर्याय उरत नाही. हवा तापलेल्या प्लॅटिनम उत्प्रेरकावरून नेऊन वाफ मॉलिक्युलर सीव्हवर (पाण्याची वाफ शोषणाऱ्या सच्छिद्र खड्यांवर) पकडावी. पावसाळ्यात मुंबईच्या 30 अंशांच्या, 80 टक्के आर्द्र हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे 24 ग्रॅम वाफ असते, त्यामुळे सीव्ह झपाट्याने भरते. म्हणून हातमोजे-पेट्यांत (ज्यांत बाहेरून हातमोजे घालून काम करतात अशा बंद पेट्यांत) कोरडा नायट्रोजन भरावा, खोलीची हवा आधीच कोरडी ठेवावी आणि सीव्हचे दोन संच आलटून पालटून चालवावेत.