लायब्ररी प्रोजेक्ट मिळालाय? आधी पाऊस कुठून येतो ते बघा

आर्किटेक्चरच्या थर्ड इयरला आम्हाला डिझाइनला लायब्ररी होती, साइट रत्नागिरीत, समुद्र दिसणारी. झालं, मी पहिल्याच दिवशी पश्चिमेला डबल हाइट काच टाकली, आत रीडिंग हॉल, मावळता सूर्य वगैरे. ज्यूरीत, म्हणजे डिझाइन तपासतात तेव्हा, सर एवढंच म्हणाले, "जुलैत आलायस कधी इथे?" गंमत म्हणजे मी गुहागरचा, घरी पावसाळ्याआधी पडवीला झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) बांधत मोठा झालेला, पण माझ्या ड्रॉइंगच्या शीटवर ते कुठेच नव्हतं.

मग भर पावसात एका जुन्या वाचनालयात केस स्टडीला गेलो, तुम्हीही पावसातच जा, मे महिन्यात सगळंच छान दिसतं. तिथल्या काकूंनी कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली, कारण भिंतीचा चिरा (जांभा दगड) पाणी पितो आणि मागे हवा खेळली नाही की पुस्तकांना बुरशी. रत्नागिरीत वाचनालय १८२८ पासून आहे, म्हणजे या दमट हवेत पुस्तकं सांभाळायची सवय आपल्याकडे जुनीच, आपणच रेंडरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या देखण्या चित्रांच्या, नादात विसरतो.

दुसरा घोळ वजनाचा. घराच्या स्लॅबला लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचं वजन) २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरतात, पुस्तकांच्या स्टॅकला, म्हणजे रॅकच्या खोलीला, आयएस ८७५ या भारतीय मानकात ६, तेही २.२ मीटर उंचीपर्यंत, पुढे प्रत्येक मीटरला आणखी २. माझा स्टॅक दुसऱ्या मजल्यावर कॅन्टिलिव्हरवर, खाली खांब नसलेल्या बाहेर काढलेल्या भागावर, होता, स्ट्रक्चरच्या मॅडम नुसत्या हसल्या. खाली आणला तर ओल आणि वाळवी, म्हणून जोतं तीन फूट उचललं, अँटी-टर्माइट दाखवलं, जिना आणि टॉयलेट पश्चिमेला ढकलले म्हणजे समुद्राकडून येणारी पावसाची झड आधी ते खातील, आणि स्टॅक मधोमध. हे सगळं प्लॅनमध्ये नाही, सेक्शन (इमारतीचा उभा छेद) काढल्यावर सुचलं.

उत्तरेचा उजेड चांगला हे सगळेच सांगतात, पण रत्नागिरी १७ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेलाच असतो, तिकडेही छज्जा द्या.

समुद्र मात्र मी सोडला नाही, पश्चिमेला खोल पडवी ठेवली आणि पावसाळ्यात झापं. फायनलला सरांनी विचारलं, "दरवर्षी ही बांधणार कोण?" मी म्हटलं, शिपाई. प्रोग्रॅममध्ये, म्हणजे लागणाऱ्या खोल्यांच्या यादीत, शिपायाची खोलीच नव्हती.