ट्रिब्यूट अल्बम ऐकायचे कसे? जॅझवाल्यांसाठी एक सोपी पद्धत

ट्रिब्यूट अल्बम (एखाद्या संगीतकाराला किंवा प्रदेशाच्या संगीताला मान म्हणून केलेला) म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं जुनी गाणी परत वाजवलीयेत, मागे लावून ठेवू. जॅझमध्ये तसं केलंत तर निम्मी मजा गेली, कारण चाल तर आधीचीच असते, वाजवणाऱ्याने तिचं काय केलं ते ऐकायचं असतं. म्हणून आधी मूळ ऐका. अख्खा संगीतकार पालथा घालू नका हं, एकच ट्यून घ्या आणि गुणगुणता येईपर्यंत लावा.

सुरुवातीला 'कॅराव्हान' घ्या. अमेरिकन जॅझ बँडलीडर ड्यूक एलिंग्टनच्या बँडची 1930 च्या दशकातली ट्यून, पण क्रेडिट वाचलंत तर कळेल की त्यात हुआन टिझोलचंही नाव आहे, हा बँडमधला पोर्तो रिकोचा ट्रॉम्बोनवाला. (क्रेडिट वाचायची सवय लावाच, 'टेक द ए ट्रेन' पण एलिंग्टनची नाही, त्याच्या बँडसाठी लिहिणाऱ्या बिली स्ट्रेहॉर्नची आहे.) मग पियानोवादक थेलोनियस मंकने 1955 मध्ये एलिंग्टनच्या ट्यून्सचा अल्बम केला त्यातली 'कॅराव्हान' लावा, फक्त पियानो, बेस आणि ड्रम्स. एवढ्या मोठ्या बँडचा आवाज तीन माणसांत कसा मावला, काय गाळलं, कुठे मुद्दाम जागा मोकळी सोडली, एवढंच बघा. नंतर गायिका एला फिट्झगेराल्डचं 1957 चं एलिंग्टन साँगबुक, तिथे बऱ्याच गाण्यांत मागे खुद्द एलिंग्टनचाच ऑर्केस्ट्रा आहे, म्हणजे ज्याचा मान करायचा तोच साथीला!

पुढची पायरी सॅक्सोफोनवाल्या जो हेंडरसनचा 'लश लाइफ', 1992, सगळं स्ट्रेहॉर्नचं. यात माणसं कमी-जास्त होत राहतात आणि शेवटचा ट्रॅक एकटा सॅक्सोफोन. माझ्या मते एका संगीतकारावर केलेला अल्बम कसा असावा ते शिकायचं तर हाच, बाकीचे नंतर.

एखाद्या प्रदेशाच्या संगीतावरचे अल्बम जरा वेगळे ऐकावे लागतात, तिथे बऱ्याचदा मूळ संगीतकार कोण ते माहीतच नसतं. तिथे बघायचं की गाणाऱ्याची किंवा स्थानिक वाद्याची जागा कुणी घेतलीये. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस आणि अरेंजर गिल एव्हान्सच्या 'स्केचेस ऑफ स्पेन'मध्ये (1960) स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोच्या कॉन्चेर्तोमधला (गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) गिटारचा भाग माइल्सकडे आलाय, आणि 'साएता'मध्ये ट्रम्पेट होली वीकच्या (ईस्टरआधीचा आठवडा) मिरवणुकीत साएता, म्हणजे स्पेनमधलं धार्मिक गाणं, गाणारा आवाज होतो. मिरवणुकीतली खरी साएता आधी एकदा ऐका, मग हा ट्रॅक एकदम उलगडतो. उलट टोकाला स्वीडिश पियानोवादक यान योहान्सनचा 1964 चा स्वीडिश लोकगीतांचा अल्बम, नुसता पियानो आणि बेस, इतका साधा की पहिल्यांदा ऐकताना वाटतं काही घडतच नाहीये. घाई करू नका, आवाज थोडा वाढवा.

आणि एक, त्या परंपरेतलं कुणी स्वतः अल्बमवर वाजवतंय का ते तपासा. भारतीय वंशाचा अमेरिकन सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पाच्या 'किन्समेन'वर (2008) कर्नाटक शैलीत सॅक्सोफोन वाजवणारे कद्री गोपालनाथ आहेत, दोघांकडेही अल्टो सॅक्सोफोनच, आणि तरी गमक (स्वर आंदोलित करून घेणं) कोण घेतंय ते लगेच कळतं. कुणी नसलं तर अल्बम वाईट असं नाही, माइल्सचाच बघा ना, पण लोकगीताखाली ड्रम लूप (तोच ठेका पुन्हा पुन्हा) टाकून दिलेले ते 'फ्यूजन' अल्बम मात्र खुशाल सोडा.