दुब्रोव्हनिकहून मोस्तारला निघालात? शेंगेन व्हिसाच्या या चुका टाळा

शेंगेन या एकाच व्हिसावर युरोपातले 29 देश फिरता येतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो मध्येच शेजारच्या एखाद्या शेंगेनबाहेरच्या देशात जाऊन परत यायचं असतं तेव्हा. क्रोएशियात याचा धोका सगळ्यात जास्त.

क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे. दुब्रोव्हनिकला मुक्काम असला की बॉस्नियातलं मोस्तार किंवा माँटेनेग्रोतलं कोतोर एका दिवसात बघून येण्याचा मोह होतो, तशा सहलीही मिळतात. पण हे दोन्ही देश शेंगेनबाहेर आहेत. पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात 1 लिहिलेलं असेल, तर हद्द ओलांडताच तो व्हिसा संपला. दिवस शिल्लक असले, बॅगा हॉटेलात असल्या, तरी संध्याकाळी परत प्रवेश मिळणार नाही. शिवाय भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा न काढता बॉस्नियात जायचं तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा, लागतो. सहल विकणारा हे तपासेल, या भरवशावर राहू नका.

स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जातानाही सावध राहा. किनाऱ्याचा जुना रस्ता न्यूमपाशी काही किलोमीटर बॉस्नियातून जातो. जुलै 2022 मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून क्रोएशिया न सोडता जाता येतं. गाडी चालवणार असाल तर मॅपवर पुलाचाच रस्ता निवडा, बसचं तिकीट काढताना मार्ग विचारून घ्या.

यावरचा खरा उपाय अर्ज करतानाच करायचा असतो. मोस्तार, कोतोर कार्यक्रमात तारखेसह दाखवा आणि मल्टिपल एंट्री मागा. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झालेत: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील, तर साधारणपणे दोन वर्षांचा मल्टिपल व्हिसा मिळतो. सिंगलच हातात पडला, तर मोस्तार सोडून द्या. लंडन करायचं असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा घेऊन ते सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, पॅरिस आणि रोमच्या मध्ये नको.

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंडचं बरोबर उलट. रोमानिया आणि बल्गेरिया 1 जानेवारी 2025 पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आले, तेव्हा त्याआधीची माहिती वाचून बेत आखू नका.

दिवस मोजतानाही लोक फसतात. स्टिकरवरच्या दोन तारखांमध्ये महिनाभराचं अंतर असलं, तरी राहता येतं ते दिवसांच्या रकान्यातल्या आकड्याइतकंच. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटोसह नोंद संगणकात ठेवायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे जास्तीचा एक दिवसही लपत नाही.

आणि शेंगेनमधल्या शेंगेनमध्ये फिरतानाही पासपोर्ट जवळच ठेवा. जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून आपल्या सगळ्या जमिनी हद्दींवर तपासणी सुरू केली. साल्झबुर्गहून म्युनिकला जाणाऱ्या ट्रेनमध्येही पोलीस तो मागू शकतात.