खोल्या मोजून डीबी घेऊ नका: वायरिंगमधल्या या चुका टाळा

टाइल्स बघायला लोक चार दुकानं पालथी घालतात आणि डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या वायरी जिथून फुटतात तो स्विचांचा डबा, मात्र गवंडी भिंत फोडायला उभा राहिला की आणायला पळतात. "दोन बेडरूम आहेत, आठ वे बास," असं कुणीतरी सांगतं आणि आठ वेचा, म्हणजे आठ स्विचांच्या जागांचा, डबा भिंतीत जातो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही नवं घर उघडून बघा, पहिली चूक हीच.

डीबी ठरते ती सर्किटांवर. वायरिंगच्या आयएस ७३२ या भारतीय मानकातला चालत आलेला नियम सोपा आहे: लाईट, पंखे आणि छोटे सॉकेट मिळून एका सर्किटवर १० पॉइंट, भार ८०० वॅटच्या आत. पॉवरच्या सर्किटवर दोनच सॉकेट, ३००० वॅटपर्यंत. आता साधं दोन बेडरूमचं घर घ्या. लाईटची ३ सर्किटं, गिझर २, एसी १, स्वयंपाकघरात २, वॉशिंग मशीन १, पाण्याची मोटर १, इन्व्हर्टर १. झाली ११. मी पाचाला एक तरी जागा रिकामी ठेवतोच, म्हणजे आणखी २. डबल पोल आयसोलेटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच, दोन जागा खातो; आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, दोन. बेरीज १७. आठ तर सोडाच, बारा वेच्या डब्यातही हे बसत नाही. दुकानात 'वे' सांगताना इनकमरची (मेन स्विचची) जागा त्यात धरलीय की वेगळी, हे झाकण उघडून बोटानं मोजून घ्या.

थ्री फेजवाल्यांचा घोळ उलटा असतो. फोर वे टीपीएन (तीन फेज आणि न्यूट्रलची डीबी) म्हणजे चार सर्किटं नव्हेत. प्रत्येक वेत तीन फेजचे तीन, असे १२ सिंगल पोल स्विच बसतात.

जागा संपली की पुढची चूक आपोआप होते, आणि तिचाच मला सगळ्यात जास्त राग आहे: एकाच एमसीबीखाली, म्हणजे भार वाढला की आपोआप पडून लाईन तोडणाऱ्या स्विचखाली, दोन वायरी. बेळगावच्या वडगावातलं एक घर सांगतो. खाली माग, वर मुलाच्या लग्नासाठी नवा मजला. मागांचं मीटर वेगळं, तिथं काही अडचण नव्हती. घराच्या डीबीत मात्र एकही जागा उरली नव्हती. काम करणाऱ्या पोरानं वरचा गिझर आणि वरचं स्वयंपाकघर खालच्या एका १६ अँपिअरच्या एमसीबीवर जोडलं, तेही दीडच्या (दीड चौरस मिलिमीटर) वायरीनं. गिझर २ किलोवॅट, इंडक्शन २, इस्त्री १. हे सगळं एकदम चालू झालं की २२ अँपिअरच्या आसपास जातं. एमसीबी पडायला लागला. तो त्याचं काम करत होता. घरच्यांनी पोराला बोलावलं, त्यानं १६ काढून ३२ चा बसवला. पडायचं थांबलं, सगळे खूश.

मला बोलावलं ते वास यायला लागल्यावर. झाकण काढलं तर एमसीबीच्या खालच्या स्क्रूत दोन वायरी कोंबलेल्या, एक जुनी जाड एकतारी, एक नवी बारीक बहुतारी. जाड वायरीनं स्क्रू अडवून धरलेला, त्यामुळं बारीक वायर आत नुसती टेकलेली. तिचं इन्सुलेशन वीतभर काळं पडून तडकलेलं, एमसीबीचं प्लॅस्टिक त्या बाजूनं पिवळं होऊन फुगलेलं. वायर बाहेर ओढायला गेलो तर येईना. पाइपात चिकटून बसली होती. नवा रंग दिलेली भिंत फोडावी लागली.

पाइपातली दीडची वायर साधारण १५ अँपिअर सोसते. ३२ चा एमसीबी १.४५ पट, म्हणजे ४६ अँपिअर गेले तरी पडायला तासभर घेऊ शकतो. म्हणजे वायर जळेल, एमसीबी पडणार नाही. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो, त्याचा आकडा वायरीवरून ठरतो. माझी सवय: दीडला १०, अडीचला १६, चारला २५. एमसीबी पडतोय म्हणून मोठा बसवून द्या, असं कुणी म्हणालं तर मी ते काम घेत नाही. आधी भार मोजायचा, मग नवी वायर ओढायची, मग तिला स्वतःची जागा द्यायची. जागाच नसेल तर शेजारी दुसरी छोटी डीबी. यात दिवस जातो, हे खरं. घाई असणाऱ्यांनी दुसरा वायरमन बघावा.

दुसरी डोकेदुखी, "आरसीसीबी सारखा पडतोय." लोक तो खराब समजून बदलतात, नाहीतर थेट बायपास करतात. बायपास करणं म्हणजे घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे; ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसासाठीच असतो. बहुतेक वेळा दोष न्यूट्रलमध्ये निघतो. आरसीसीबीतून गेलेल्या फेजचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून परत आला पाहिजे. इन्व्हर्टर जोडताना सगळे न्यूट्रल एका पट्टीवर पिळले की तो पडणारच. मी प्रत्येक आरसीसीबीला वेगळी न्यूट्रल पट्टी देतो. एकेक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवून बघत गेलं की दोषी सापडतो. नुसते एमसीबी पाडून सापडत नाही, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही.

बाकीचं थोडक्यात. आयसोलेटर आणि आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाहीत, त्यांच्यासोबत एमसीबी लागतोच. थ्री फेजमध्ये दोन्ही गिझर आणि एसी एकाच फेजवर टाकू नका. मेन न्यूट्रलचा स्क्रू सैल राहिला तर एखाद्या फेजवर २३० च्या खूप वर व्होल्टेज जातं आणि फ्रीज-टीव्ही एका झटक्यात जातात. भार वाढवलात तर हेस्कॉम या वीज कंपनीकडून मंजूर लोडही वाढवून घ्या, आणि काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या. खानापूरकडच्या पावसात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर डीबी नको. रिकाम्या जागांना ब्लँक पट्ट्या लावा, नाहीतर पाली आत शिरतात. आणि प्रत्येक एमसीबीखाली चिठ्ठी हवी, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण रात्री दुरुस्तीला कोण येईल हे आपल्या हातात नसतं.