पीसी चालूच होत नाही? आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात पाऊस सुरू झाला की बंद पडलेल्या डेस्कटॉपची रांग लागते. त्यातले बरेचसे घरच्या घरी दहा मिनिटांत चालू झाले असते. काही तर घरी नुसते बंद होते आणि दुकानात येईपर्यंत खरोखर बिघडलेत, कारण मधल्या वेळात चिरंजीवांनी व्हिडिओ बघून आत हात घातलेला असतो. त्याच त्या चुका बघून बघून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

काय होतंय ते न बघताच "डेड" म्हणणं

फोनवर सगळे एकच सांगतात, "दादा, पीसी डेड झालाय." मी विचारतो, बटण दाबल्यावर पंखा फिरतो का? "हो, फिरतो की." मग डेड कसा? पंखे फिरतायत, दिवे लागतायत, फक्त स्क्रीन काळी, ही नो डिस्प्लेची केस. पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो, ही वेगळी केस, त्यात बहुतेक वेळा कुठेतरी शॉर्ट असतो. काहीच हलत नाही, कुठे दिवा नाही, तो खरा डेड. तिघांचा तपास वेगवेगळा, त्यामुळे आधी दोन मिनिटं नुसतं बघा आणि ऐका.

नो डिस्प्लेवाल्यांनी मॉनिटरची केबल कुठे लावलीय तेवढं पाहावं. ग्राफिक कार्ड बसवलेलं असताना केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावणारे महिन्याला कोणीतरी येतातच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे मदरबोर्डच्या पोर्टमधून जन्मात चित्र येणार नाही.

तपासाची सुरुवात कॅबिनेटपासून करणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे.

वीज भिंतीतून येते. आधी सॉकेट, मग यूपीएस किंवा स्पाइक बस्टर, मग पॉवर कॉर्ड, मग एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या कॅबिनेटमधल्या डब्याच्या, पाठीमागचं छोटं बटण, आणि त्यानंतर कुठे कॅबिनेटच्या आतला मामला सुरू होतो. तपासही त्याच क्रमाने व्हायला हवा. होतो बरोबर उलटा, कारण भिंतीकडे बघण्यात कसली मजा? रॅम काढण्यात कसं, आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला, अकाउंट्सची कामं करणारे एक काका राहतात. जीएसटी रिटर्नची २० तारीख तोंडावर आलेली आणि पीसी ठप्प. काकांनी सॉकेटमध्ये टेस्टर घातला, टेस्टर पेटला. "लाइट येतेय," असा निकाल देऊन त्यांनी भाच्याला बोलावलं. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने रॅम काढली, लावली. ग्राफिक कार्ड काढलं. मदरबोर्डवरचा सेल काढला. तरीही काही होईना, तेव्हा पंखा सोडवून प्रोसेसरच बाहेर काढला. कशासाठी, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, "व्हिडिओत काढला होता." परत बसवताना प्रोसेसर तिरका बसला आणि याने वरची पट्टी जोर लावून बंद केली. मदरबोर्डच्या सॉकेटमधल्या एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या झाल्या.

कॅबिनेट रिक्षात घालून काका दुकानात आले. भिंगाखाली पिना पाहिल्या आणि बोर्ड गेला हे सांगून टाकलं. नवीन बोर्ड बसवला, पीसी दुकानात व्यवस्थित चालला. काकांच्या घरी नेऊन लावला तर पुन्हा ठप्प! मेन बंद करून सॉकेटची प्लेट उघडली. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, वायर स्क्रूखालून सुटून काळी पडली होती. मूळ दुखणं एवढंच. वायरमनचं काम, शे-दोनशे रुपयांचं. त्यासाठी काकांचा अख्खा मदरबोर्ड गेला.

तर टेस्टरबद्दल नीट समजून घ्या. टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो ऐटीत पेटतो. उलट न्यूट्रल तुटलेला असताना एखादं उपकरण लावून स्विच चालू ठेवलं तर तो दोन्ही भोकांत पेटतो, आणि लोकांना वाटतं लाइट जरा जास्तच चांगली आलीय. मोबाइलचा चार्जर लावूनही खात्री होत नाही. तो १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालतो आणि करंट इतका कमी ओढतो की ढिल्या वायरवरही चार्जिंगचं चिन्ह दाखवतो. मी त्याच सॉकेटला घरातला टेबल फॅन लावतो आणि फुल स्पीडवर पाच मिनिटं चालवतो. तो दमला, थांबला, किंवा सॉकेटमधून चरचर ऐकू आली, तर पीसीला दोष देऊ नका.

फॅन सरळ भिंतीला लावायचा, यूपीएसला नाही. पीसीसुद्धा एकदा यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीला लावून बघायचा. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, आणि काही यूपीएस बॅटरी पूर्ण गेल्यावर लाइट असतानाही पुढे काही सोडत नाहीत. दुकानात पीसी चालतो आणि घरी चालत नाही, अशी तक्रार आली की मी आधी यूपीएस मागवतो.

स्पाइक बस्टरच्या कडेला बऱ्याचदा एक छोटं काळं बटण असतं. ओव्हरलोड झाला की ते बाहेर येतं, आत दाबलं की काम झालं. हे बटण आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच: रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. लादी पुसताना कॅबिनेट सरकवलं की तो हमखास दाबला जातो. त्या एका स्विचसाठी ऐरोलीहून टॅक्सी करून आलेल्या ताईंकडून मी पैसे घेतले नाहीत, पण टॅक्सीवाल्याने घेतले.

वायर काढून थोडं थांबायचं सोडून बटण दाबत सुटणं

लाइट गेली, आली, परत गेली, आणि नंतर पीसी उठत नाही, असं आमच्याकडे पावसाळ्यात रोजचं आहे. अशा झटक्यात एसएमपीएसचं आतलं संरक्षण लागतं आणि आतला चार्ज उतरेपर्यंत तो अडून बसतो. पॉवर कॉर्ड काढा, कॅबिनेटचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पाच मिनिटं चहा घ्या, मग कॉर्ड परत लावा. लोकांना हा टोटका वाटतो म्हणून ते करत नाहीत. त्याऐवजी बटण इतक्यांदा ठोकतात की बटणच आत अडकून बसतं.

बटणावर संशय असेल तर त्याची वायर मदरबोर्डवरून काढून, तिथल्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. पीसी सुरू झाला तर बटण खराब. कुठल्या दोन पिना हे मॅन्युअलमध्ये बघून मगच. अंदाजपंचे नको.

एका दमात सगळं बदलणं

रॅम पुसली, सेल बदलला, एसएमपीएस मित्राचा लावला, केबल बदलली, आणि मग बटण दाबलं. चालू झालं तर कशाने? माहीत नाही. आठ दिवसांनी परत बंद पडतो आणि हे महाशय परत शून्यावर. एका वेळी एकच गोष्ट बदला, बटण दाबा, बघा, मग पुढची. घाई असलेल्यांना हे जमत नाही हे मला माहीत आहे, माझं बरंचसं घर त्यांच्यावरच चालतं.

दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावणं

ही चूक हल्ली वाढलीय आणि ही सगळ्यात महाग पडते.

मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दोन्ही टोकांनी सुटतात. मदरबोर्ड किंवा डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं. एसएमपीएसकडचं टोक मात्र ज्याचं त्याचं. केबल बसते, खटका लागतो, सगळं छान दिसतं, पण १२ व्होल्ट कुठल्या पिनवर आणि ५ व्होल्ट कुठल्या, हे कंपनीगणिक बदलतं. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतं.

नेरूळच्या एका मुलाचा एसएमपीएस गेला. त्याने लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड मॉड्युलर एसएमपीएस उचलला. चांगला होता, मी नंतर तपासला. त्याच्यासोबत मदरबोर्डच्या केबल मिळाल्या, डिस्कची मिळाली नाही. याच्या कॅबिनेटमध्ये जुन्या एसएमपीएसची डिस्कची केबल पट्ट्या लावून सुरेख बांधलेली होती, ती तशीच नव्याला जोडली. बटण दाबलं. बारीक टिक असा आवाज, पंख्याने अर्धा फेरा घेतला, बंद. संरक्षण लागलं होतं, एसएमपीएस त्याला ओरडून सांगत होता. याला वाटलं आपल्याला खराब माल दिला. म्हणून परत दाबलं. आणि परत.

एसएसडी ५ व्होल्टवर चालतो. त्याला १२ मिळाले, तो गेला तो गेलाच. हार्ड डिस्कच्या सर्किटवर ५ व्होल्टच्या लाइनला संरक्षणासाठी एक टीव्हीएस डायोड असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. जादा व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचं सर्किट वाचवतो. या पोराचं नशीब की तोच गेला होता. मल्टिमीटर लावला तर डायोडच्या दोन टोकांमध्ये सरळ बीप, म्हणजे शॉर्ट. तो उपटून डिस्क योग्य केबलवर लावली, फिरली, आणि सगळा डेटा लगेच दुसरीकडे उतरवून घेतला. तशी डिस्क वापरत राहायची नसते, पुढच्या वेळी मध्ये उभं राहायला कोणी नसतं.

माझी सवय अशी की एसएमपीएस बदलला की जुन्या सगळ्या केबल कॅबिनेटमधून बाहेर, एकही मागे ठेवायची नाही. अनोळखी केबल वापरायचीच वेळ आली तर डिस्क न जोडता आधी मल्टिमीटरने मोजायचं. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये. मल्टिमीटर नसेल तर अनोळखी केबल लावूच नका.

हिरव्या-काळ्या वायरवर जास्त भरवसा

२४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढायचा, हिरवी वायर शेजारच्या काळीला यू-पिनने जोडायची, एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो चांगला. ही युक्ती सगळ्यांना पाठ आहे. ती अर्धीच खरी. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस जागा होतो एवढंच कळतं, लोड घेतो की नाही ते कळत नाही. आणि काही नव्या एसएमपीएसचा पंखा गरम होईपर्यंत फिरतच नाही, म्हणून चांगला एसएमपीएस भंगारात जातो. नव्या केबल सगळ्या काळ्या असतात, तिथे हिरवी शोधत बसू नका, ती सोळावी पिन असते. आकृती बघून मोजता येत नसेल तर हा प्रयोग सोडून द्या.

बाकी किरकोळ, पण रोजचं

प्रोसेसरची चार किंवा आठ पिनांची वेगळी केबल लावायची राहते. नवीन असेंबल केलेल्या पीसीत हे पहिलं बघा.

रॅम अर्धवट बसते. दोन्ही बाजूंची खिट्टी लागली का बघा. दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट.

पावसाळ्यात रॅमचे पितळी दिसणारे दात काळपट होतात. खोडरबरने हलकेच पुसा आणि चुरा झटका. सँडपेपर घासणाऱ्यांशी मी बोलत नाही.

सीआर२०३२ सेल संपला की काही बोर्ड अडून बसतात. स्वस्त आहे, बदलून टाका.

मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्यातली एखादी जादा खाली राहिली की शॉर्ट.

जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० असा लाल सरकता स्विच असतो. लहान मुलांना तो फार आवडतो. तो ११५ वर असताना आपल्या २३० ला लावला तर धडाम.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.

उपवन, येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी आत मुंग्या आणि पाली बघाव्यात. विनोद करत नाहीये.

एसएमपीएसचा डबा उघडणं

नको. २३० व्होल्ट आत गेल्यावर मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट डीसीच्या आसपास साठतात, आणि पॉवर फॅक्टर दुरुस्त करणाऱ्या नव्या एसएमपीएसमध्ये त्याहून जास्त. वायर काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात. साफ करायचा असेल तर बाहेरून ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून.

आणि दुकानात आणायचाच झाला तर पॉवर कॉर्डसकट आणा. सगळे ती घरी ठेवून येतात, मी माझी लावतो, पीसी चालू होतो, तो घरी जातो आणि परत बंद. कॉर्डचं कॅबिनेटकडचं टोक जरा हलवून बघा. ते सैल असेल किंवा आतल्या पत्र्या काळ्या पडल्या असतील, तर आमच्याकडे यायचं कारणच नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलवाल्याकडून नवी घ्या, थ्री-पिन, आणि जाड वायरची.